पान, क्रम आणि खूण : स्थलनामसंग्रहाच्या निमित्ताने

छापील कोशाचे एकशे बारावे पान आज उघडले काय किंवा दहा वर्षांनी उघडले काय, त्यावर तेच शब्द असतात. संगणकावरील संग्रहाची गोष्ट निराळी आहे. तेथे पान आधी तयार नसते. वाचकाने मागितले म्हणजे त्या क्षणी ते घडविले जाते, आणि दुसरे पान मागितले की पहिल्याची आठवण सर्व्हरला सहसा राहिलेली नसते. हा भेद केवळ तंत्रज्ञांच्या उपयोगाचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु 'अमुक रूप संग्रहात आढळत नाही' असे विधान आपण प्रबंधात करतो तेव्हा त्याचा सारा भार एका गृहीतावर असतो : आपण संग्रह पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, आणि त्यात एकही नोंद आपल्या नजरेतून सुटली नाही. हे गृहीत केव्हा खरे ठरते आणि केव्हा ढासळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील स्थलनामे घेऊ. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली पिंपरी येथे स्थापन झाली. पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. शेती गेली, कारखाने आले. गावांची नावे मात्र बसथांब्यांवर आणि पत्त्यांत टिकून राहिली. समजा, विद्यार्थ्यांनी या पट्ट्यातील गावे, वाड्या, वस्त्या व शिवारे यांच्या नावांच्या काही हजार नोंदी डेटाबेसमध्ये भरल्या आणि त्या वीस-वीसच्या पानांनी वाचकापुढे ठेवावयाच्या आहेत.

पहिला प्रश्न क्रमाचा. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात तक्ता म्हणजे नोंदींचा संच होय. आणि संचाला क्रम नसतो. त्यामुळे 'ऑर्डर बाय' हा शब्दप्रयोग न करता डेटाबेसकडे वीस नोंदी मागितल्या, तर त्याने कोणत्याही वीस द्याव्यात; त्यात त्याची चूक नाही. नोंदी ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने त्या पुष्कळदा परत येतात, आणि म्हणूनच हा दोष लक्षात येण्यास उशीर लागतो. तात्पर्य, पान हा संचाचा भाग नसून क्रमाचा भाग आहे. क्रम सांगितला नाही, तर 'दुसरे पान' या शब्दाला अर्थच उरत नाही.

परंतु क्रम सांगणे पुरेसे नाही. तो निःसंदिग्ध असावा लागतो. नोंदी केवळ तालुक्यानुसार लावल्या, तर हवेली तालुक्यातील शेकडो नोंदी आपापसांत बरोबरीच्या ठरतात. बरोबरीच्या नोंदींतील आधीची कोणती व नंतरची कोणती, हे डेटाबेस प्रत्येक वेळी नव्याने ठरवू शकतो. मग एखादी नोंद पहिल्या पानावरही दिसते आणि दुसऱ्यावरही. दुसरी एखादी कोठेच दिसत नाही. ही अडचण आपल्या भाषेला अपरिचित नाही. एकाच नावाची दोन गावे झाली तेव्हा लोकांनी एकास बुद्रुक व दुसऱ्यास खुर्द म्हटले. फारसीतील 'बुजुर्ग' म्हणजे मोठे आणि 'खुर्द' म्हणजे लहान, यांवरून ही विशेषणे आली. चऱ्होली बुद्रुक महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, तर चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात. मात्र संग्रहकर्त्याने नावाच्या रकान्यात 'चऱ्होली' एवढेच लिहून विशेषण दुसऱ्या रकान्यात टाकले, तर भाषेने सोडविलेला गुंता पुन्हा पडतो. म्हणून क्रमाच्या शेवटी नेहमी एखादी अनन्य खूण, बहुधा नोंद क्रमांक, जोडावी. आधी नाव, नाव सारखे असल्यास क्रमांक : एवढे केले की कोणत्याही दोन नोंदींत बरोबरी उरत नाही.

आता पान मागण्याच्या दोन रीती पाहू. पहिलीत वाचक मोजून सांगतो : 'पहिल्या वीस सोडा, पुढील वीस द्या.' पोस्टग्रेस व मायएसक्यूएल यांत 'लिमिट' आणि 'ऑफसेट' हे शब्द यासाठी वापरतात. ही रीत सोपी आहे; तिचे दोष दोन. सोडावयाच्या नोंदीही सर्व्हरला काढाव्याच लागतात. तीनशेवे पान मागितले, तर ५,९८० नोंदी क्रमाने काढून त्या टाकून द्याव्या लागतात आणि मग वीस हाती लागतात. पान जितके पुढचे, तितका हा व्यर्थ खटाटोप मोठा. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वाचक पहिले पान पाहत असता सहकाऱ्याने त्यातील एक चुकीची नोंद खोडली, असे समजा. एकविसावी नोंद आता विसावी झाली. वाचक 'वीस सोडा' म्हणतो, आणि ती नोंद न पाहताच पुढे जातो. उलट मध्येच नवी नोंद पडली, तर विसावी नोंद एकविसावी होऊन त्याला दोनदा भेटते. दोन्ही प्रसंगी पडद्यावर चुकीची सूचना उमटत नाही; पान नीटनेटकेच दिसते.

दुसऱ्या रीतीत वाचक मोजत नाही. तो खूण ठेवतो. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा आपण कोठे थांबलो हे अध्याय व ओवी यांनी ध्यानात ठेवतो, कारण आवृत्ती बदलली की पान बदलते. तसेच येथे : 'अमुक नाव आणि अमुक क्रमांक असलेल्या नोंदीच्या पुढील वीस द्या.' मागची नोंद खोडली किंवा नवी घातली, तरी ही खूण ढळत नाही. खुणेची नोंदच खोडली गेली, तरी तिच्या 'पुढील' कोण हे ठरविता येते. नाव व क्रमांक या जोडीवर इंडेक्स असला, तर शोधही झटपट होतो. बायर व मॅक्‌क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या बी-ट्री रचनेवर असे इंडेक्स बहुधा आधारलेले असतात. त्यांत मधल्या नोंदी न चाळता थेट खुणेपाशी उतरता येते, आणि तीनशेवे पान पहिल्याइतक्याच श्रमात मिळते.

येथे भाषाभ्यासकाचा संबंध अधिक जवळून येतो. कारण 'पुढील' म्हणजे काय, हे वर्णक्रम ठरवितो. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या संकेतांकांत मात्र तो ल आणि व यांच्यामध्ये आहे. त्यामुळे पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडी व काळेवाडी ही दोन नावे घेतली, तर मराठी क्रमाने कासारवाडी आधी येते आणि संकेतांकांच्या क्रमाने काळेवाडी. आता यादी मराठी क्रमाने लावली, पहिले पान कासारवाडीपाशी संपले, आणि 'कासारवाडीच्या पुढील' ही तुलना मात्र संकेतांकांनी केली, तर काळेवाडी 'मागील' ठरते. पहिल्या पानावर ती आलेली नाही. दुसऱ्यावर ती येणार नाही. ज्या वर्णक्रमाने यादी लावली त्याच वर्णक्रमाने खुणेची तुलना झाली पाहिजे, हा नियम यावरून निघतो.

अनुस्वाराचीही अशीच कथा आहे. त्यास स्वतंत्र मानून आधी ठेवले, तर चिंचवड हे चिखलीच्या आधी येते. संस्कृत कोशांप्रमाणे परसवर्ण मानून 'ञ्च' धरले, तर नंतर. कोणतीही पद्धत स्वीकारावी, परंतु एकच स्वीकारावी. शिवाय 'चऱ्होली'तील ऱ हा एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच र व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात. यंत्रास ते भिन्न भासू शकतात. नोंदी भरतानाच त्यांचे रूप एक करून घेणे हा यावरील उपाय होय.

खुणेच्या रीतीलाही मर्यादा आहेत. तिच्यात एकदम पन्नासाव्या पानावर उडी घेता येत नाही, आणि एकूण पाने किती हे निराळे मोजावे लागते. खेरीज, ज्या रकान्यावर क्रम आधारला आहे तोच बदलला, तर ही रीतही फसते. १९९७ साली चिखली, मोशी, चऱ्होली इत्यादी गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. स्थानिक संस्थेनुसार लावलेल्या यादीत अशी दुरुस्ती वाचन चालू असताना झाली, तर ग्रामपंचायतींत पाहिलेले गाव पुढे महानगरपालिकेत पुन्हा भेटेल. आणि बदल उलट दिशेचा असेल, तर ते मुळीच भेटणार नाही. म्हणून क्रमासाठी शक्यतो न बदलणारा रकाना निवडावा. ज्या अभ्यासात गणना करावयाची आहे, तेथे तर पानापानाने वाचूच नये. सगळा संग्रह एकाच व्यवहारात, एका क्षणीच्या स्थितीत उतरवून घ्यावा आणि त्या दिवसाची तारीख प्रबंधात नोंदवावी.

पानांची सोय वाचकाच्या डोळ्यांसाठी आहे, पुराव्यासाठी नाही. एखादे रूप संग्रहात आहे, हे सिद्ध करण्यास एक पान पुरते. ते नाही, हे म्हणण्यासाठी सगळी पाने लागतात, आणि त्या पानांच्या सांध्यांत काही निसटले नाही याची खात्रीही लागते. ही खात्री संगणकतज्ज्ञाने परस्पर करून ठेवली असेल असे मानून चालणे अभ्यासकास परवडणारे नाही. आपल्या संग्रहाचा क्रम कोणता, बरोबरी कशाने सुटते आणि तुलना कोणत्या वर्णक्रमाने होते, हे तीन प्रश्न त्याने स्वतः विचारले पाहिजेत. अन्यथा काळेवाडीसारखे नांदते गावही आपल्या प्रबंधापुरते नाहीसे होईल.