परतीचे साडेनऊ तास

“पेशंट घरी आहे का, ताई?”

चिकलठाणा एमआयडीसीत ऑक्सिजनचे सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानदाराने मला पहिला प्रश्न हा विचारला. त्यांची चूक नव्हती. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, संभाजीनगरात ज्या घरातलं माणूस आजारी होतं, त्या घराला ‘जम्बो’ हा शब्द एका रात्रीत पाठ झाला होता. आमच्याही घराला झाला होता. मी म्हटलं, पेशंट कुणी नाही, कुणी होऊ नये म्हणून विचारायला आलेय. आम्ही सहा जण समुद्रात चाललोय, पाच दिवस बोटीवरच राहणार, पाण्याखाली उतरणार, आणि दवाखाना खूप लांब आहे.

त्यांनी वही बाजूला सारली, खुर्ची पुढे केली आणि अर्धा तास समजावून सांगितलं. जम्बो म्हणजे डी टाइप, त्यात सात घनमीटर, म्हणजे 7,000 लिटर ऑक्सिजन. छोटा म्हणजे बी टाइप, दीड घनमीटर, 1,500 लिटर. मास्कला मिनिटाला 15 लिटर सोडला तर छोटा 100 मिनिटं पुरतो, जम्बो पावणेआठ तास. “काटा बघितल्याशिवाय सिलिंडर ताब्यात घ्यायचा नाही. अन् चावी त्याच्याच गळ्यात बांधून ठेवायची. त्या वेळी किती लोकांकडं सिलिंडर होता, चावी सापडत नव्हती.”

विमानातून भरलेला सिलिंडर नेता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून मी काही घेणार नव्हते, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. तरी त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने दोन्ही सिलिंडरची आकृती काढून दिली. आमच्या सहलीचा खरा आराखडा त्या आकृतीपासून सुरू झाला.

आम्हाला जायचंय अंदमानच्या बॅरन बेटावर, भारताच्या एकमेव जागृत ज्वालामुखीपाशी. ‘बेटावर’ हा शब्द खरं तर चुकीचा आहे. बेटावर पाऊल ठेवायला बंदी आहे आणि भोवतालच्या पाण्यात जायलाही परवानगी लागते. बोट आडोशाला उभी करायची, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि दिवसातून दोन-तीनदा पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचं. अशा मुक्कामी बोटींना ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. अंदमानातून बॅरनकडे हंगामात मोजक्याच निघतात.

अंतर आमच्या लोकांना समजावताना मी लोणारचं उदाहरण देते. संभाजीनगरहून लोणार जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच श्री विजयपुरमहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून, बॅरन लांब आहे: सुमारे 138 किलोमीटर. लोणारला सकाळी निघून, विवर पाहून, संध्याकाळच्या चहाला घरी येता येतं. समुद्रात हे अंतर साधारण पंचाहत्तर सागरी मैल होतं. डायव्हिंगची बोट ताशी आठ मैलांनी चालते. एका बाजूचे साडेनऊ तास.

हे वेड मराठवाड्यातल्या माणसांना कुठून लागलं, असं आम्हाला विचारतात. माझं उत्तर आमच्या पायाखाली आहे. हे अख्खं शहर लाव्ह्यावर उभं आहे. वेरूळची लेणी, देवगिरीचा कातळात खोदलेला खंदक, आमच्या जुन्या वाड्यांची जोती, सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहून आलेला काळा पाषाण. लहानपणापासून त्यावर चालले, पण तो कधी वाहत होता हे मनाला पटत नसे. बॅरनचा दगड मात्र अजून तयार होतोय. त्याचं कारण वेगळं आहे: तिथे भारतीय भूपट्ट ब्रह्मी भूपट्टाखाली सरकतो आणि खोलवर खडक वितळतो. 1787 पासून या ज्वालामुखीच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकात तो शांत झाला, जवळपास दीडशे वर्षं गप्प राहिला आणि 1991 मध्ये पुन्हा उठला. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे, पण पाण्याखाली तो डोंगर दोन हजार मीटरहून खोल जातो. आपल्याला दिसतं ते फक्त शेंडीएवढं टोक.

त्या बेटाजवळ काम करणाऱ्यांत मराठी माणसंही आहेत. 23 जानेवारी 2017 रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधू संकल्प’ हे जहाज समुद्रतळाचे नमुने घेण्यासाठी बॅरनजवळ होतं. पथकाचे प्रमुख होते अभय मुधोळकर. अचानक राख उसळू लागली. जहाज मैलभर दूर नेऊन त्यांनी निरीक्षण चालू ठेवलं. पाच ते दहा मिनिटांचे छोटे-छोटे उद्रेक होत होते. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत, सूर्य मावळल्यावर लाल लाव्ह्याची कारंजी आणि उतारावरून खाली येणारे ओघळ दिसू लागले. ही हकिकत आमच्या टेबलावर कितीदा वाचली गेली असेल! त्यातला मैलभर दूर जाण्याचा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संशोधनासाठी आलेली माणसं आधी मागे सरली, मग पाहू लागली.

आम्ही ऑगस्ट 2025 मध्ये ठरवायला सुरुवात केली आणि सप्टेंबरमध्ये आठ दिवसांत दोनदा तो ज्वालामुखी जागा झाला. उद्रेक सौम्य होते, पण आमचा आराखडा आम्ही त्याच आठवड्यात बदलला. परवानगी नाही मिळाली किंवा धूर दिसला तर बोट स्वराज द्वीपाच्या आसपासच राहील, कुणीही “इतक्या लांब आलोय तर” असं वाक्य उच्चारणार नाही, हे सहाही जणांनी लिहून त्यावर सही केली. डायव्हिंगमधले किती तरी अपघात याच वाक्यापासून सुरू होतात, असं माझं ठाम मत आहे.

तारीख ठरली कालनिर्णयवर. आमच्यातल्या एकाला पौर्णिमा हवी होती, चांदण्यात ज्वालामुखी बघायला. मालवणच्या एका खलाशीदादांनी फोनवर त्याला गप्प केलं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी ओढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. भर समुद्रातल्या एकट्या बेटाभोवती प्रवाहाला अडवणारं दुसरं काही नसतं, त्यामुळे हा फरक तिथे जास्त जाणवतो. ऑक्टोबर ते डिसेंबर वादळाचे, मेमध्ये पुन्हा मॉन्सूनची चाहूल. उरले जानेवारी ते एप्रिल. त्यातली फाल्गुन शुद्ध अष्टमी, 24 फेब्रुवारी 2026, आम्ही बॅरनच्या दिवसासाठी पक्की केली आणि पुढचं-मागचं सगळं त्या चौकटीपासून दोन्हीकडे मोजलं.

मोजणं हेच या कामातलं मुख्य काम. हवेचा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकासारखा आहे. टाकीत साधारण 2,200 लिटर हवा. पृष्ठभागावर निवांत माणूस मिनिटाला 20 लिटर ओढतो. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणून 20 मीटरवर तिप्पट, मिनिटाला 60. चौथा हिस्सा राखून ठेवायचाच, तो हिशेबात धरायचा नाही. उरलेल्या 1,650 ला 60 ने भागलं की साडेसत्तावीस मिनिटं. 30 मीटरवर तीच हवा वीस मिनिटांत संपते. वाळूजला टूलरूममध्ये काम करणारा आमचा मित्र हे कोष्टक करताना म्हणाला, “मायक्रॉनमध्ये काम करतो मी, पण इथं चुकलं तर पार्ट रिजेक्ट होत नाही, माणूस होतो.” त्याने सहाही जणांचं कोष्टक वेगळं केलं, कारण प्रत्येकाचा श्वास वेगळा. माझा सगळ्यात जास्त लागतो. म्हणून माझ्या जोडीचा काळ माझ्यावर ठरतो, जोडीदारावर नाही.

खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत मुरतो. घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात; सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन आणि मग दाबाच्या चेंबरमधले उपचार. तसं चेंबर श्री विजयपुरमला नौदलाच्या आयएनएचएस धन्वंतरी रुग्णालयात आहे. बॅरनहून तिथपर्यंत साडेनऊ तास. हेलिकॉप्टर मिळेल असं धरून आराखडा करायचा नाही, हा आमच्या डॉक्टर मैत्रिणीने घातलेला नियम.

आता दुकानदारांची आकृती उघडा. साडेनऊ तास म्हणजे 570 मिनिटं. मिनिटाला 15 लिटरने 8,550 लिटर. एक जम्बो 7,000. उरले 1,550. एक छोटा 1,500. तीन मिनिटांचा ऑक्सिजन कमी पडतो.

ही तीन मिनिटं सापडली त्या रात्री आम्ही कुणी फारसं बोललो नाही. मग डॉक्टरने दुसरा प्रश्न टाकला. पाण्याखाली आपण जोडीने असतो, वर येतो तेही जोडीने. एकाला त्रास झाला तर दुसऱ्यालाही होऊ शकतो. मग हिशेब एकाचा धरायचा की दोघांचा?

दोघांचा धरला. दोन जम्बो, चार छोटे, सहा मास्क, सगळ्या चाव्या गळ्यात बांधलेल्या. शिवाय डॉक्टरने आणि मी ऑक्सिजन देण्याचं प्रशिक्षण वेगळं घेतलं.

हे घेऊन बोटवाल्यांना फोन सुरू केले. पहिल्याने सांगितलं, “ऑक्सिजन असतो बोटीवर.” किती लिटर, विचारलं. बघून सांगतो म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा फोन केला, तेव्हा ॲडव्हान्स भरला तर जागा राहील, एवढंच उत्तर आलं. याआधी एका सहलीत आमचे पैसे असेच तोंडी आश्वासनावर अडकले होते, म्हणून तिथेच थांबलो. दुसऱ्याने अर्ध्या तासात काट्यांसकट सिलिंडरचे फोटो पाठवले आणि म्हणाला, एक जम्बो कमी आहे, तुमच्यासाठी चढवतो. त्याचं भाडं पहिल्यापेक्षा जास्त होतं. आम्ही त्याच्याकडे ठरवलं.

सराव इथेच चालू आहे. पहाटे सहाला तरण तलावावर मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं, डोळे उघडे ठेवायचे, नाकातून सावकाश हवा सोडत ते बाहेर काढायचं. अडीचशे किलोमीटरपर्यंत समुद्र नाही आणि नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं अशा शहरात तलावाचं पाणी मी फार जपून वापरते. पहिल्या आठवड्यात दहातल्या सहा वेळा मी खोकत वर आले. आता पाण्याखाली बसून दहाच्या दहा वेळा जमतं. न जमणाऱ्याने बॅरनला यायचं नाही, हेही सहीच्या कागदावर आहे.

मूळ शिक्षण तारकर्लीचं. तिथे एमटीडीसीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत आमच्यातल्या चौघांनी पहिला कोर्स केला. तिथली एक गोष्ट आमच्या पठारावरच्या लोकांनी लक्षात ठेवायलाच हवी. डायव्हिंगनंतर विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबायचं. पण घाटाचं कुणाच्या डोक्यात येत नाही. दुपारी मालवणला पाण्यातून वर आलेला माणूस संध्याकाळी आंबोली चढून सातशे मीटरच्या आसपास पोहोचतो. शरीराला ते विमानासारखंच, फक्त उंची कमी. संभाजीनगर स्वतः साडेपाचशे मीटरवर आहे. आम्ही त्या रात्री मालवणलाच राहतो, माशाचं जेवण जेवतो आणि दुसऱ्या दिवशी घाट चढतो. अंदमानहून परततानाही शेवटची डाइव्ह आणि विमान यांच्यामध्ये पूर्ण एक दिवस रिकामा ठेवलाय. तो दिवस सेल्युलर जेलसाठी.

या सगळ्या हिशेबातून एक निर्णय निघाला, आणि माझ्या दृष्टीने आराखड्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. बॅरनला 30 मीटरपर्यंत जायची आमची पात्रता आहे. तरी आम्ही 18 मीटरच्या खाली जाणार नाही आणि दिवसाला दोनच डाइव्ह करू. जे पाहायचंय ते तिथे आहेच: काळी वाळू, पाण्यात उतरून थिजलेला लाव्हा आणि त्यावर पुन्हा वाढणारं प्रवाळ. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर 1988 च्या उद्रेकानंतर ताज्या लाव्ह्यावर पाच वर्षांत शंभराहून अधिक जातींचं प्रवाळ उगवलेलं शास्त्रज्ञांनी नोंदवलंय. त्यासाठी प्रकाश लागतो, आणि प्रकाश उथळ पाण्यातच जास्त असतो. वेरूळच्या दगडाचा जन्म कसा असेल हे बघायला 18 मीटर पुरेत.

तुम्ही कधी अशा बोटीवर जाणार असाल तर बोटवाल्याला दोन आकडे विचारा: बोटीवर ऑक्सिजन किती लिटर आहे आणि चेंबर असलेला दवाखाना किती तासांवर आहे. पहिल्या आकड्याला 15 ने भागा, मग 60 ने. उत्तर दुसऱ्या आकड्यापेक्षा लहान आलं तर ॲडव्हान्स देऊ नका.