घरी सोडले; पण कोणत्या घरी?

‘घरी सोडण्यास हरकत नाही’ असे डॉक्टरांनी कागदावर लिहिले की रुग्णालयाचे काम संपले, असे आपण मानतो. खुब्याचे हाड मोडून बांबोळीस आलेल्या पंचाहत्तरीच्या वृद्धेचा खरा प्रश्न मात्र तेथून सुरू होतो. मुलगा आखातात, मुलगी मुंबईस, पती दृष्टीने अधू. घराला सहा पायऱ्या आणि शौचकूप परसात! अशा घराने तिला नाकारलेले नसते. तिचा भार त्याला पेलवत नसतो, इतकेच.

मग ती खाटेवरच राहते. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पाठीला शय्याव्रण होतात, नवा संसर्ग जडतो. त्या खाटेची निकड असलेला दुसरा रुग्ण बाहेर ताटकळतो.

अशा वेळी मुलांच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते. वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद 2007 च्या कायद्यात आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु मुलगा तुरुंगात गेल्याने आईला कुशीवर वळविणारे हात मिळत नाहीत. 2011 च्या जनगणनेत देशातील साठीपुढील लोकांचे प्रमाण 8.6 टक्के होते. गोव्यात ते 11.2 टक्के होते. तेव्हा हा चार अभागी कुटुंबांचा प्रश्न नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच की घरी सोडण्याचा विचार दाखल करण्याच्या दिवशीच सुरू व्हावा. घरी कोण आहे, पायऱ्या किती, भरवणार कोण, हे समाजसेविकेने त्याच दिवशी विचारावे. आणि कोठे राहावयाचे, हे प्रथम त्या वृद्धेलाच विचारावे. ज्यांना घर पेलणार नाही त्यांच्यासाठी म्हापसा व मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत चालते-बोलते होईपर्यंतच्या शुश्रूषेच्या खाटा राखाव्यात. प्रोव्हेदोरियाच्या वृद्धाश्रमांना पुरेशा परिचारिका द्याव्यात. जे घरी जातील त्यांच्या दारी आरोग्य केंद्राची परिचारिका पहिल्याच आठवड्यात पोहोचावी.

आईबापांच्या मालमत्तेतील निम्मा हिस्सा मुलांसाठी राखून ठेवणारा कायदा गोव्याने शतकाहून अधिक काळ पाळला आहे. त्याच आईबापांसाठी काही खाटा राखून ठेवणे या राज्यास जड जाऊ नये.