मार्साला : फोर्टिफाइड वाइनचे स्वरूप आणि आस्वाद

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि राज्यातील वाइननिर्मितीला चालना मिळाली. पुण्याजवळ मांजरी येथे तर १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्यरत आहे. तथापि, 'पोर्ट' या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड वाइनमुळे 'फोर्टिफाइड वाइन म्हणजे गोड आणि स्वस्त वाइन' असा समज पुण्यासारख्या शहरातही आढळतो. इटलीतील मार्साला या वाइनच्या आधारे या समजाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना व इतिहास

आयुर्वेदातील आसव-अरिष्टांत मद्यांश संधानक्रियेतून आपोआप निर्माण होतो. फोर्टिफाइड वाइनमध्ये मात्र संधानातून झालेल्या वाइनमध्ये द्राक्षांचा मद्यार्क वेगळा मिसळतात. त्यामुळे मद्यांश साधारणतः १७ ते २० टक्के होतो व वाइन दीर्घकाळ टिकते. सिसिली बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मार्साला बंदरातून १७७३ मध्ये जॉन वुडहाऊस या इंग्रज व्यापाऱ्याने स्थानिक वाइन मायदेशी पाठवली. सागरी प्रवासात ती टिकावी म्हणून तीत मद्यार्क मिसळण्यात आला. पुढे १८३३ मध्ये व्हिन्चेन्झो फ्लोरिओ यांनी तेथे स्वतःचा कारखाना उभारला.

प्रकार

मार्सालाचे रंगानुसार सोनेरी, पिंगट व माणकासारखा तांबडा असे तीन प्रकार होतात. पिंगट प्रकारात उसाच्या काकवीप्रमाणे आटवलेला द्राक्षरस घालतात. लेबलावरील 'सेक्को' म्हणजे कोरडी, 'सेमीसेक्को' म्हणजे मध्यम गोड व 'दोल्चे' म्हणजे गोड. मुरवणीचा किमान काळ 'फिने'साठी १ वर्ष, 'सुपेरिओरे'साठी २ वर्षे, तर 'व्हेर्जिने'साठी ५ वर्षे असतो. 'व्हेर्जिने'त आटवलेला रस वा अन्य गोड मिश्रण घालता येत नाही. म्हणजेच या परंपरेतील एक श्रेष्ठ प्रकार गोड नसून कोरडा आहे.

आस्वाद

कोरडी मार्साला किंचित थंड करून, लहान पेल्यात, जेवणापूर्वी खारवलेल्या बदामांसोबत घ्यावी. गोड मार्साला जेवणानंतर घेतात. पुरंदरच्या अंजिरांशी तिचा मेळ बसू शकेल. प्रथम गंध घ्यावा, मग लहान घोट जिभेवर फिरवावा. मद्यांश अधिक असल्याने प्रमाण अल्पच ठेवावे. बाटली उघडल्यावर ती साध्या वाइनपेक्षा अधिक काळ टिकते; तरी पुण्याच्या उन्हाळ्यात ती फ्रिजमध्येच ठेवणे इष्ट.

महाराष्ट्राच्या संदर्भात

मार्सालासाठी वापरली जाणारी 'ग्रिल्लो' ही द्राक्षजात नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातही लावण्यात आली असून तिच्यापासून साधी वाइन तयार झाली आहे. मात्र द्राक्षजात आणली म्हणजे परंपरा आली, असे होत नाही. विसाव्या शतकात अंडी, कॉफी इत्यादींचे स्वाद घातलेली पेयेही 'मार्साला' म्हणून विकली गेली आणि या नावाची प्रतिष्ठा घसरली. १९६९ मध्ये मूळस्थानाचा संरक्षित दर्जा मिळाला, तरी १९८४ मध्ये नियम अधिक कडक करावे लागले.

समारोप

फोर्टिफाइड वाइनची पारख गोडीवरून नव्हे, तर कृती, मुरवणीचा काळ व लेबल यांवरून करावी. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. मानांकन नावाचे रक्षण करते. त्या नावाची पत मात्र उत्पादकाची शिस्त आणि ग्राहकाची जाण यांनीच टिकते, हा मार्सालाच्या इतिहासाचा बोध महाराष्ट्रासाठीही मोलाचा आहे.