डिस्क वाजायला लागली तेव्हा

सांगलीत आमचं डीटीपीचं काम १९९७ साली सुरू झालं. एक मशीन, एक लेझर प्रिंटर आणि मशीनच्या पोटात २.१ जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबलं की घुंई करत चकत्या वेग धरायच्या, मग हेडची करकर सुरू व्हायची आणि पेजमेकर पूर्ण उघडेपर्यंत थांबायची नाही. पान सेव्ह झालं की नाही, हे आम्ही पडद्याकडे न बघता ओळखायचो. त्यामुळे आज या सगळ्या वर्षांकडे वळून पाहताना मला पुस्तकांच्या आधी आवाज आठवतात.

२००० च्या पावसाळ्यात त्या डिस्कचा सूर बदलला. घुंईच्या वर एक बारीक, दात शिवशिवणारी किंकाळी चढली. दुरुस्तीला आला तो मुलगा आधी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कडेला टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं. पंपाची मोटर तपासतात तसं. मग म्हणाला, "काका, बेअरिंग गेलंय. आज मशीन बंद करू नका. गार झाली की उद्या उठेलच असं नाही. आधी माल काढून घ्या." आम्ही रात्रभर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करत बसलो. पहाटे काम संपल्यावर मशीन बंद केलं. नंतर ती डिस्क पुन्हा फिरली नाही.

त्याचं निदान अचूक होतं. तेव्हाच्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या मोटरला बॉल बेअरिंग असायचं. गोळ्या झिजल्या, ग्रीस सुकलं की आवाज चढायचा, पण चकतीवरचा मजकूर अजून शाबूत असायचा. पुढच्या चार-पाच वर्षांत गोळ्यांच्या जागी तेलाच्या पातळ थरावर फिरणारं बेअरिंग आलं आणि डिस्क एकदम शांत झाल्या. घरघर गेली ती चांगलंच झालं. पण त्या घरघरीतून मिळणारी मुदतही गेली, हे कळायला मला वेळ लागला.

२००६ ची गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

एका निवृत्त शिक्षिकेने मिरज तालुक्यातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या, अकराशेच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. बायांच्या शेजारी बसून, एकेक ओवी दोनदा म्हणवून घेऊन त्यांनी वह्या भरल्या होत्या. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. सुदैवाने मजकूर तोवर आमच्याकडे टाइप झालेला होता. बाई पाणी ओसरल्यावर ऑफिसात आल्या, पडद्यावर ओव्या बघितल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे आहेत ना, मग झालं." मी आहेत म्हणालो. त्या एकाच डिस्कवर होत्या, हे मी बोललो नाही. मलाच तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

ते लोडशेडिंगचे दिवस. दिवसातून कितीतरी तास वीज नसायची आणि यूपीएसची बॅटरी थकलेली. हार्ड डिस्कचं हेड चकतीला टेकलेलं नसतं. फिरणाऱ्या चकतीबरोबर जी हवा ओढली जाते, तिच्यावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, मावायची ५० लाख अक्षरं, आणि हेड वर धरायला बाहेरून दाबाची हवा सोडावी लागायची. आताच्या डिस्कमध्ये वीज गेली तर चकतीच्या उरलेल्या वेगातूनच थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यात हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवलं जातं. आमच्याकडे हे रोज, दिवसातून अनेकदा घडत होतं. नेमकं कशाने बिघडलं ते मला ठरवता येणार नाही. एका सकाळी मशीन सुरू केलं आणि ऐकू आलं ते असं: टक्, टक्, टक्. मग शांतता. मग पुन्हा टक्, टक्, टक्.

हा आवाज किंकाळीसारखा नसतो. सुरू होताना हेड चकतीवर आधीच कोरलेल्या खुणा शोधतं. त्या वाचता आल्या नाहीत की हेडचा हात मागे येऊन अडतो आणि पुन्हा झेप घेतो. प्रत्येक टक् म्हणजे एक फसलेली झेप. हेड दुखावलेलं असेल, तर प्रत्येक झेपेला ते चकतीवरचा पातळ चुंबकीय थर खरवडत जातं, आणि मजकूर त्या थरातच असतो.

मला २००० सालचा धडा पाठ होता: बंद करू नका, माल काढून घ्या. त्यातला दुसरा भाग मी इथे लावला. दहा-बारा वेळा मशीन बंद-चालू केलं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. कुणीतरी सांगितलं म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्येही ठेवली. बाहेर काढली की आत दमट हवेचे थेंब धरतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली, त्याने धूळमुक्त खोलीत उघडली आणि फोटो दाखवला. आरशासारख्या चकतीवर बांगडीएवढं वर्तुळ, राखाडी, खरवडलेलं. पहिल्याच टक्ला बंद केली असती तर कदाचित हेड बदलून काढता आलं असतं, असं तो म्हणाला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "प्रुफं आहेत का?" होती. लाल शाईने तपासलेली, पाण्याच्या ग्लासांचे डाग पडलेली. त्यांतून चारशे तीस ओव्या मिळाल्या. बाकीच्यांसाठी बाई पुन्हा गावोगावी गेल्या, पण सांगणाऱ्या बऱ्याच जणी तोवर उरल्या नव्हत्या.

त्यानंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. गुगलच्या संशोधकांनी २००७ साली त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. डिस्क स्वतःची तब्येत नोंदवत असते, त्या नोंदींना स्मार्ट म्हणतात. स्कॅनमध्ये पहिली चूक दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होते, असं त्यांना आढळलं. आणि त्याच अभ्यासात, गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मुख्य नोंदींपैकी एकातही काही दाखवलं नव्हतं. मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सॉफ्टवेअर हिरवं दाखवतंय म्हणून निर्धास्त राहणारे लोक मी पाहिलेत.

टकटक दरवेळी हेडचीच असते असंही नाही. २००९ मध्ये शेजारच्या छापखान्यातली डिस्क अशीच वाजत होती. एकदाच ऐकलं, लगेच बंद करायला लावली, आणि वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, उघडून बघितला तर आतले कपॅसिटर फुगलेले. पुरेशी वीज न मिळाल्याने मोटर वेग धरता धरता बसत होती. एसएमपीएस बदलला आणि ती डिस्क पुढे कितीतरी वर्षं चालली.

२०११ च्या पुरात थायलंडमधले डिस्कचे कारखाने बुडाले आणि किमती एकदम चढल्या. आमच्याकडे लोक खरखरणाऱ्या डिस्क तशाच रेटत राहिले. नंतर फिरत्या चकत्या नसलेल्या एसएसडी आल्या. आमच्या ऑफिसात २०१७ पासून सगळी मशीनं त्यांच्यावर आहेत. वेग अफाट, आवाज शून्य. त्यातली एक गेल्या वर्षी गेली. संध्याकाळी पान लावून उठलो, सकाळी मशीनला ती दिसेचना. कान देऊन ऐकावं असं काही तिच्यात नव्हतंच. दोन ठिकाणी कॉपी होती, म्हणून दुपारपर्यंत काम सुरू झालं.

बाईंचं पुस्तक शेवटी छापलं गेलं, सहाशेच्या आत ओव्यांचं. त्याच्या फायली आता एका फिरत्या एक्स्टर्नल डिस्कवरही आहेत. ती कपाटात असते आणि दर महिन्याच्या एक तारखेला बाहेर निघते. केबल लावली की मी पंखा बंद करतो. आधी हलकी घुंई, मग हेड जागेवरून उतरल्याची एक टिक्, मग काही नाही. तेवढं ऐकून घेतो आणि मग कॉपी लावतो.