क्रियापदाच्या अलीकडची जागा

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या एका आतल्या गल्लीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात रात्री आठला इंग्रजीचा क्लास भरतो. दिवसा तिथे पाचवी-सहावीच्या मुलांची शिकवणी असते, त्यामुळे बाकं बुटकी. रात्रीची मंडळी गुडघे बाजूला वळवून बसतात. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बिलं करणारी एक मुलगी, मीरा रोडच्या सोसायट्यांना वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीतला सुपरवायझर, मेडिकल स्टोअरवर बसणारा एक मारवाडी पोरगा, नर्सिंगचा कोर्स करून नोकरी शोधणारी उत्तनची एक ताई. बोलायला इंग्रजी थोडंफार सगळ्यांना येतं. अडतं ते लिहिताना, आणि त्यातही घडून गेलेलं लिहिताना.

मॅडम मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. फळ्यावर त्यांनी मराठीत लिहिलं, ‘गाडी अचानक थांबली’. वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, ‘द ट्रेन सडनली स्टॉप्ड.’ बरोबर. मग लिहिलं, ‘मी काल विरारला गेलो’. पुन्हा एका सुरात, ‘आय यस्टर्डे वेंट टू विरार.’ मॅडमनी खडूने यस्टर्डेवर फुली मारली.

“सडनली चालतं, मग यस्टर्डेला काय धाड भरली?” सुपरवायझरांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो तो याच प्रश्नाचं उत्तर ऐकायला. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं आणि बाकी सगळं त्याच्या आधी येतं. कधी, कुठे, कसं, कुणाबरोबर, जे सांगायचं ते ‘गेलो’च्या अलीकडे. शिवाय प्रत्येक शब्द आपली ओळख विभक्तीच्या प्रत्ययात घेऊन फिरतो. ‘विरारला मी काल गेलो’, ‘काल मी गेलो विरारला’, कसंही फिरवा, कोण गेलं आणि कुठे गेलं यात घोळ होत नाही. इंग्रजीचे असले प्रत्यय शतकांच्या ओघात बहुतेक झडून गेले. त्यांचं काम आता जागेवर चालतं. आधी करणारा, मग क्रियापद, लगेच त्याला चिकटून कर्म. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये कुणी घुसलेलं तिथे खपत नाही. ‘शी क्लोज्ड क्विकली द डोअर’ म्हटलं की कानाला खटकतं. क्विकलीने एक तर क्लोज्डच्या अलीकडे यावं, नाही तर दाराच्या पलीकडे जाऊन बसावं.

साध्या भूतकाळात क्रियापद एकटंच उभं असतं, मदतनीस कुणी नसतो. म्हणून करणारा आणि क्रियापद यांच्यामधली फट मोकळी राहते. मॅडम तिला चौथी सीट म्हणतात. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तशी ही जागा, अंग चोरून बसणाऱ्यालाच मिळते. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, ऑलमोस्ट, जस्ट यांचं तर ते हक्काचंच ठिकाण. सडनली, क्विकली, केअरफुली अशी ‘ली’कारान्त मंडळीही टेकतात. ‘इन अ हरी’ हे तीन शब्दांचं बोचकं तिथे मावत नाही. काल, परवा, भाईंदरला, स्टेशनवर अशा काळ-स्थळाच्या पत्त्यांनाही तिथे मज्जाव. ते वाक्याच्या शेवटी जातात किंवा अगदी दाराशी, सुरुवातीला उभे राहतात. ‘यस्टर्डे आय वेंट टू विरार’ बिनधास्त लिहा.

गंमत अशी की ही चूक एकट्या मराठी माणसाची नाही. 2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. या गर्दीत मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणारे शेजारी-शेजारी राहतात. आपापसात भाषेवरून कितीही वाद घालोत, क्रियापद शेवटी ठेवण्यावर या चारही भाषांचं एकमत आहे. म्हणून तर ‘आय यस्टर्डे वेंट’ असं सगळा वर्ग एका तालात म्हणतो. आणि म्हणूनच ‘सडनली स्टॉप्ड’ न शिकताही बरोबर येतं. तिथे आपली सवय आणि त्यांचा नियम योगायोगाने एकाच ठिकाणी भेटतात. अर्धी गोष्ट फुकटात बरोबर येते, म्हणूनच उरलेली अर्धी शिकायला इतकी जड जाते, असं माझं मत झालं आहे.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. या बॅचमधली तरुण मुलं त्यानंतर शाळेत गेलेली. तरीही चूक तीच. ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रकारावर माझा जुना राग आहे. त्यात जागा आधीच आखून दिलेली असते. शब्द निवडायचा असतो, बसवायचा नसतो. मॅडम शिकल्या त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. तिच्यावर हल्ली सगळे हसतात. पण मराठी वाक्य मोडून इंग्रजीत पुन्हा उभं करताना प्रत्येक शब्द हातात घ्यावा लागतो आणि कुठे ठेवायचा ते ठरवावं लागतं, एवढं तिचं श्रेय द्यायला हवं.

भांड्यांच्या कारखान्यातल्या मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘शी गुड प्लेड.’ यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. आपण ‘तो चांगला खेळला, ती चांगली खेळली’ म्हणतो. चांगलाचं रूप खेळणाऱ्याप्रमाणे बदलतं, विशेषणासारखं. म्हणून हाताशी गुड येतो. मॅडमनी गुडचं वेल केलं. तिने लगेच ‘शी वेल प्लेड’ लिहिलं. तेही नाही! वेल, फास्ट, हार्ड ही आखूड मंडळी चौथ्या सीटवर सहसा बसत नाहीत. ‘शी प्लेड वेल.’

हार्डचं प्रकरण तर नोकरीवर बेतणारं. उत्तनच्या ताईंनी अर्जात लिहिलं होतं, ‘आय हार्डली वर्क्ड इन माय लास्ट जॉब.’ सांगायचं होतं, मी खूप कष्ट केले. लिहिलं गेलं, मी काम जवळजवळ केलंच नाही. बाकी शब्दांना ‘ली’ लागतं तर यालाही लागत असेल आणि क्रियापदाच्या आधी जागा मोकळी आहे, असा त्यांचा हिशेब. हिशेबात खोट काढता येत नाही, पण अर्ज मात्र बुडाला असता. आता तिथे ‘वर्क्ड हार्ड’ आहे. ताई आधी पोट धरून हसल्या आणि मग असे अर्ज आजवर कुठे कुठे पाठवले ते आठवू लागल्या.

वॉज आला की चाल उलटते. ‘ही ऑलवेज वॉज लेट’ सहसा म्हणत नाहीत, ‘ही वॉज ऑलवेज लेट’ म्हणतात. हॅड आला तर शब्द हॅड आणि क्रियापद यांच्यामध्ये जातो, ‘द ट्रेन हॅड ऑलरेडी लेफ्ट’. हे वर्गाला पटकन जमलं.

ओन्लीवर मात्र भांडण झालं. ‘त्यानेच मला सांगितलं’ याचं मारवाडी पोराने ‘ही ओन्ली टोल्ड मी’ केलं. आपला ‘च’ ज्या शब्दावर बसतो त्याच्यावर जोर देतो. इंग्रज वाचकाला मात्र यातून वाटेल, त्याने फक्त मलाच सांगितलं, किंवा नुसतं सांगितलं, केलं काहीच नाही. ओन्लीच्या जागेवरून खुद्द इंग्रजही भांडत आले आहेत. फाउलर नावाच्या कोशकाराने 1926च्या आपल्या ग्रंथात, ओन्ली क्रियापदाच्या आधी सैलसर बसला तरी चालेल म्हणून शिस्तखोरांना फटकारलं होतं. तेव्हा पोराने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

शेवटी सुपरवायझरांची वही निघाली. एका सोसायटीतल्या रात्रीच्या प्रकाराचा रिपोर्ट त्यांना द्यायचा होता. अनोळखी माणसाला वॉचमनने गेट उघडून दिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘द गार्ड फूलिशली ओपन्ड द गेट.’ जागा अचूक. मॅडमनी त्याखाली दुसरं वाक्य लिहिलं, ‘द गार्ड ओपन्ड द गेट फूलिशली.’ मग दोन्हींतला फरक विचारला. कुणालाच सांगता येईना.

शेवटी ठेवलेला फूलिशली गेट उघडण्याची तऱ्हा सांगतो. म्हणजे कडी उलटी ओढली असेल, वेंधळेपणा केला असेल. क्रियापदाच्या आधी ठेवला की तो उघडण्याबद्दल बोलतच नाही. गेट उघडलं हाच मूर्खपणा झाला, असा शेरा तो मारतो, आणि शेरा लिहिणाऱ्याचा असतो. क्लिअरलीचंही असंच. ‘ही स्पोक क्लिअरली’ म्हणजे स्पष्ट बोलला. ‘ही क्लिअरली लाइड’ म्हणजे तो खोटं बोलला हे उघड आहे, असं मी म्हणतो. आपल्याला हे सांगायला ‘मूर्खासारखं गेट उघडलं’ आणि ‘मूर्खपणा करून गेट उघडलं’ असे वेगळे शब्द लागतात. इंग्रजी तेवढंच काम शब्दाला क्रियापदाच्या अलीकडे सरकवून उरकते.

मॅडमनी वही घेतली आणि फूलिशली खोडून टाकला. “जागा बरोबर होती ना?” सुपरवायझर म्हणाले.

“जागा बरोबर आहे. पण हा रिपोर्ट आहे. शेरा कशाला मारताय? त्या जागी काही नको. पुढे किती वाजता उघडलं ते लिहा.”

“पण मॅडम, मूर्खपणाच होता तो.”

“असेल. ते सेक्रेटरींना म्हणू दे.”