साइडपट्टी म्हणजे वाहनतळ नव्हे

धुळे-जळगाव महामार्गावर पारोळ्याच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. रात्री-अपरात्री बंद पडलेल्या गाड्यांपाशी जाणं हा माझा धंदाच. त्या अनुभवावरून सांगतो : गाडी साइडपट्टीवर घेतली म्हणजे ती रस्त्याबाहेर गेली, असं कुणी समजू नये.

मापं बघा. अनेक चौपदरी रस्त्यांवर साइडपट्टीचा डांबरी भाग जेमतेम दीड मीटर, आणि ट्रक अडीच मीटर रुंद. पूर्ण बाजूला घ्यायचा तर डावी चाकं मातीत उतरवावी लागतात. आपल्या खान्देशातली माती काळी. पावसाळ्यात भरला ट्रक तीत उतरला की रुतलाच. म्हणून ड्रायव्हर डांबर सोडत नाही आणि ट्रकची उजवी बाजू धावत्या लेनमध्येच राहते.

आता मागून ताशी ८० किलोमीटरनं येणाऱ्याचा विचार करा. तो सेकंदाला २२ मीटर कापतो. पुढचं ओळखून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद गेले, तर ५५ मीटर संपले. आपल्याकडे रस्ते आखताना या वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर धरतात. रात्री डिपरवर एवढ्या लांबचं दिसत नाही. मागचा लाल दिवा दिसला, तरी गाडी चालती आहे असंच वाटतं. कापसाच्या हंगामात ट्रॉलीबाहेर फुगलेल्या मालाआड तोही दिवा झाकला जातो.

चाकाला लावलेले आणि खुणेसाठी मांडलेले दगड तर मी नेहमी उचलतो. टायर बदलून ट्रक निघून जातो, दगड तिथंच राहतात. अंधारात त्यांवर दुचाकी जाते.

गाडी बंदच पडली, तर चारही इंडिकेटर लावा. डाव्या दारानं उतरा. लाल त्रिकोण गाडीला चिकटून नको, शंभर पावलं मागे ठेवा. बायका-पोरांना गाडीत किंवा गाडीमागे थांबवू नका, कठड्यापलीकडे न्या. मग १०३३ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गाची ही मदतवाहिनी आहे. धोका होईल अशी गाडी उभी ठेवायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ मनाई करतं.

झोप, जेवण, फोन यांसाठी पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठा. पंक्चर झालं, तरी गाडी ताब्यात असेल तर इंडिकेटर लावून कडेकडेनं, सावकाश मोकळ्या जागेपर्यंत न्या. टायर खराब होईल, रिमही जाईल. ते दोन्ही दुकानात मिळतं.