हवेचा हव्यास

टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून 2012 साली एक छोटी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. टोयोटाने तिला 86 म्हटलं, सुबारूने बीआरझेड. वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, 200 अश्वशक्ती. टोयोटाचे मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांनी टर्बो मुद्दाम टाळला. टायरसुद्धा प्रियससारख्या सात्त्विक गाडीला शोभतील असे दिले. गाडीची मजा वळणांवर यावी, ती आकड्यांत शोधायची नाही, असा त्यांचा आग्रह. समीक्षकांनी वळणांचं तोंड भरून कौतुक केलं, मालकांनी मात्र पिकअपच्या नावाने बोटं मोडली. साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान या इंजिनाचा टॉर्क चक्क खाली बसतो. नेमक्या ओव्हरटेक करायच्या वेळी गाडी विचारात पडल्यासारखी वाटते.

ही नाराजी हेरून एडलब्रॉक, हॅरॉप, स्प्रिंटेक्स, जॅक्सन रेसिंग अशा कंपन्यांनी सुपरचार्जरची किट काढली. इंजिन न उघडता वरून बसवायची, पाऊणशे अश्वशक्ती वाढवून देणारी. किट बसवलेली गाडी चालवणारा माणूस पहिल्या दिवशी हसतच खाली उतरतो, यात शंका नाही. प्रश्न पुढच्या पन्नास हजार किलोमीटरांचा आहे.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरतो, हा थेट क्रँकशाफ्टकडून काम करून घेतो. त्यामुळे पाय दाबला की तत्काळ प्रतिसाद मिळतो, पण त्यासाठी काही ताकद आधी खर्चही होते. दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनावर अर्धा बार दाब चढवायचा तर पंपच पंधरा-वीस अश्वशक्ती खातो. इंजिनाला ही जादा ताकद निर्माण करून मगच चाकांना वाढीव ताकद द्यावी लागते. किटच्या जाहिरातीत हा जमाखर्च दिसत नाही.

त्याहून मोठी अडचण उष्णतेची. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. बाहेर 30 अंश तापमान आहे आणि हवा दीडपट दाबायची आहे, तर पंप आदर्श असला तरी तिचं तापमान 37 अंशांनी वाढेल. साध्या रूट्स पद्धतीच्या पंपाची कार्यक्षमता 60 टक्क्यांच्या आसपास धरली, तर हवा 90 अंशांच्या पुढे जाऊन सिलिंडरच्या दारात उभी राहते. मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर पुढची सगळी गणितं या 90 अंशांपासून सुरू होतात.

आता 86 च्या इंजिनाचं कॉम्प्रेशन पाहा: 12.5 ला 1. पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण साडेबारापट दाबतो. टर्बो नसलेल्या इंजिनातून जास्तीत जास्त काम काढायचं म्हणून हे प्रमाण इतकं चढं ठेवलेलं आहे. सुबारूने याच कुळातलं दोन लिटरचं इंजिन टर्बो लावून डब्ल्यूआरएक्समध्ये वापरलं, तेव्हा कॉम्प्रेशन 10.6 वर आणलं. ज्यांनी इंजिन घडवलं त्यांना हवा भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी पिस्टन बदलले. किटवाला मात्र साडेबाराच्या पिस्टनवरच वरून दीडपट हवा लोटतो. माझ्या मते सगळ्या जोखमीचं मूळ या एका वाक्यात आहे.

मिश्रण जास्त दाबलं, जास्त तापलं की नॉकिंग होतं. ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत जायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं, आणि दाबाच्या लाटा पिस्टनवर हातोड्यासारख्या आदळतात. घाट चढताना चुकीच्या गिअरमध्ये जुनी गाडी जो टणटणाट करायची, तो हाच. साध्या इंजिनात थोडं नॉकिंग पचून जातं. दाब चढवलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडा तुटतात, हेड गॅस्केट उडते, आणि हे सगळं कधी कधी एका उतावळ्या ओव्हरटेकमध्ये आटोपतं. नॉक सेन्सर आवाज ओळखून ठिणगी उशिरा पाडतो खरा, पण तो झालेल्या प्रकारावरचा उपाय आहे, होऊ घातलेल्या प्रकारावरचा नाही.

म्हणून पेट्रोलचा दर्जा महत्त्वाचा ठरतो, आणि इथे परदेशातल्या मराठी मंडळींची एक फसगत होऊ शकते. अमेरिकेत पंपावर दिसणारा ऑक्टेनचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो. युरोप, जपान आणि भारतात फक्त संशोधन पद्धतीचा आकडा वापरतात. कॅलिफोर्नियातलं 91 म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 95-96. न्यू जर्सीतलं 93 म्हणजे 98 च्या आसपास. तेव्हा न्यू जर्सीतल्या मित्राच्या गाडीतली ट्यूनिंगची फाइल कॅलिफोर्नियातल्या गाडीत जशीच्या तशी भरणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

नॉकिंगमधून इंजिन वाचलं तरी कनेक्टिंग रॉड उरतात. या इंजिनाचा सिलिंडर 86 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे 58 चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा कमाल दाब 80 बार धरला तर एका रॉडवर पावणेपाच टनांचा भार येतो. त्यात चाळीस टक्के वाढ केली की तो साडेसहा टनांच्या पुढे जातो, दर स्फोटाला. आणि बोटाएवढा जाड हा पोलादी दांडा मिनिटाला सात हजार फेऱ्या मारताना सेकंदाला सरासरी वीस मीटर वेगाने वर-खाली होत असतो.

इथे एक गंमत आहे, जी पुष्कळ उत्साही मालकांना उलटी वाटते. रॉड लाल रेषेजवळ, म्हणजे सात हजारांच्या पुढे तुटतो असा समज आहे. उच्च फेऱ्यांत पिस्टनचं जडत्व रॉडला ताणतं हे खरं, पण सुपरचार्जरने त्या ताणात फारशी भर पडत नाही. भर पडते ती ज्वलनाच्या दाबात, आणि तो दाब रॉडला चेपतो, वाकवतो. रूट्स किंवा स्क्रू पद्धतीचा पंप अडीच-तीन हजार फेऱ्यांवरच भरपूर हवा देतो. सहाव्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांत, पाय तळाला टेकवणारा सभ्य वाटणारा चालक रॉडचं जास्त नुकसान करतो. 86 चे रॉड या बाबतीत नाजूक समजले जातात. शर्यतीच्या दर्जाच्या टिकाऊपणाची हमी हवी असणारे ट्यूनर आधी घडीव रॉड बसवतात, मगच दाब चढवतात. रोट्रेक्ससारखा सेंट्रिफ्यूगल पंप दाब हळूहळू, फेऱ्यांबरोबर चढवतो, त्यामुळे खालच्या फेऱ्यांत रॉडवर दया राहते. पण मग तो साडेतीन हजारांवरचा खड्डा पुरता भरत नाही, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला होता!

हा वाद नवा नाही. 1920 च्या दशकाच्या शेवटी टिम बर्किन या ब्रिटिश शर्यतपटूने साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावायचा ध्यास घेतला. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना तो प्रकार अजिबात मान्य नव्हता. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हवा कोंबू नका, हा त्यांचा सिद्धान्त. बर्किनने पैसा उभा केला, 110 अश्वशक्तीचं इंजिन रस्त्याच्या गाडीत 175 पर्यंत आणि शर्यतीच्या गाडीत 240 पर्यंत नेलं. 1930 च्या ल मां शर्यतीत या ‘ब्लोअर’ बेंटली धावल्या, थरारक धावल्या, आणि शर्यत पुरी न करता थांबल्या. जिंकली ती बेंटलीचीच, सुपरचार्जर नसलेली साडेसहा लिटरची स्पीड सिक्स. आज लिलावात ब्लोअरचीच किंमत जास्त ऐकू येते, हा माणसांच्या आवडीनिवडीचा भाग झाला, इंजिनांचा नव्हे.

लहान गाड्यांकडे परत येऊ. माझदाची एमएक्स-5, म्हणजे मियाटा, शिकागोच्या प्रदर्शनात 1989 साली आली. तिच्या 1.6 लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन 9.4, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि याच कुळातलं इंजिन माझदाच्या 323 मध्ये टर्बोसह धावलेलं होतं. त्यामुळे मियाटाने हलका दाब वर्षानुवर्षं पचवला. पण तिचं दुखणं वेगळ्याच ठिकाणी निघालं. 1991 च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली पुली सैल झाली की चावी आणि खाच झिजून क्रँक निकामी होई, सुपरचार्जर नसतानाही. अशा गाडीवर पट्ट्याची ओढ आणखी वाढवायची म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर पोतं देणं. तेव्हाच्या किटमध्ये इंधनाची व्यवस्थाही बाबा आदमच्या काळची असे. मूळ कॉम्प्युटरला दाब चढल्याचं कळतच नसे. पेट्रोलचा दाब यांत्रिकपणे वाढवणारा एक रेग्युलेटर बसवून वेळ मारून नेत. एखाद्या थंड सकाळी हवा घट्ट असली की मिश्रण पातळ पडे, आणि पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. आज संगणकाची पूर्ण फाइल बदलता येते. हा फरक फार मोठा आहे.

कारखान्यात हे काम कसं करतात याचा उत्तम नमुना म्हणजे 2002 ते 2006 ची मिनी कूपर एस. साध्या कूपरचं कॉम्प्रेशन 10.6 होतं, सुपरचार्जर लावताना ते 8.3 वर आणलं, इंटरकूलर दिला, आणि 115 ची 163 अश्वशक्ती केली. एवढं करूनही या गाडीला तिचं खास दुखणं आहेच: तिचा पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच मागच्या गिअरवर फिरतो. त्या गिअरचं तेल काही वर्षांनी संपतं, दात झिजतात, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन तापून बसतं. मालकाला वाटतं इंजिन खराब निघालं. खरा दोष संपलेल्या वाटीभर तेलाचा. लोटसने एक्झिज एससाठी टोयोटाचं 1.8 लिटर इंजिन 11.5 कॉम्प्रेशनवरच ठेवलं, पण 190 ची 218 अश्वशक्ती एवढ्यावरच हात आवरला. आकडे बोलके आहेत. जिथे कॉम्प्रेशन उतरवलं तिथे चाळीस टक्के वाढ, जिथे नाही उतरवलं तिथे पंधरा. हमीपत्रावर सही करणारे लोक एवढेच धाडस करतात.

तेलाचा मुद्दा आणखी थोडा ताणावासा वाटतो, कारण तो आपल्याकडच्या वाचकांनाही लागू आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या, दाब चढवलेल्या लहान इंजिनांत कमी फेऱ्यांवर एक विचित्र अकाली स्फोट होतो. रिंगांपाशी साचलेले तेलाचे थेंब त्याला कारण ठरतात, आणि तेलातल्या कॅल्शियमच्या रसायनांनी तो बळावतो. 2018 मध्ये तेलाचा एसएन प्लस हा दर्जा आणि 2020 मध्ये एसपी हा दर्जा आला, त्यामागे हे एक मोठं कारण. चाकणला बनणाऱ्या टायगुन आणि कुशाक या गाड्यांची टीएसआय इंजिनं याच जातीची आहेत. त्यांचा रिमॅप करून, म्हणजे कॉम्प्युटरची फाइल बदलून घेणाऱ्याने निदान डब्यावरचा दर्जा वाचून तेल घ्यावं.

आपल्याकडे पेट्रोलची आणखी एक गुंतागुंत आहे. वीस टक्के इथेनॉलमुळे ऑक्टेन सुधारतो, नॉकिंगला थोडा आळा बसतो. पण त्याच ताकदीसाठी इंधन जास्त लागतं. सामान्य वेगात ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र कॉम्प्युटर ठरलेल्या कोष्टकावर चालतो, आणि ते कोष्टक जुन्या पेट्रोलवर बेतलेलं असेल तर नेमकं सगळ्यात नाजूक क्षणी मिश्रण पातळ पडतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल पाहता, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करून रस्त्यावर फिरणं इथे कायद्यातच बसत नाही. ट्रॅकपुरती ठेवलेली गाडी ही वेगळी गोष्ट.

मंगल कार्यालयाचं भाडं म्हणजे लग्नाचा खर्च नव्हे, तसं किटची किंमत म्हणजे सुपरचार्जरचा खर्च नव्हे. इंटरकूलर, ऑइल कूलर, मोठा पेट्रोल पंप आणि इंजेक्टर, वाढीव टॉर्क झेलणारा क्लच, मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर, डायनोवर गाडी चढवून केलेलं ट्यूनिंग, आणि सुरुवातीलाच कॉम्प्रेशन व लीक-डाउन चाचणी. यातली शेवटची चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा टाळली जाणारी. लाख किलोमीटर धावलेल्या इंजिनाच्या एका सिलिंडरचा दाब कमी असेल, तर किट परत खोक्यात ठेवावं आणि आधी इंजिन बांधायला घ्यावं.

एवढं करूनही दाब किती ठेवायचा? मूळ पिस्टन, मूळ रॉड आणि 12.5 कॉम्प्रेशन असेल तर किटबरोबर येणारी मोठी पुलीच ठेवा. छोटी पुली बसवून, म्हणजे पंप आणखी वेगाने फिरवून, ‘अजून दोन पौंड’ दाब चढवायचा मोह ज्यांनी आवरला, त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं धावताना दिसतात. ज्यांना आवरला नाही त्यांची इंजिनं गॅरेजच्या फळीवर उघडी पडलेली असतात. आणि ज्याचा एकच गाडीवर रोजचा संसार चालतो, त्याने 2022 ची 2.4 लिटरची जीआर 86 घ्यावी. टोयोटाने साडेतीन हजारांवरचा तो खड्डा सुपरचार्जरशिवाय, डब्ल्यू. ओ. बेंटलींच्या मार्गाने, इंजिन मोठं करून बुजवला आहे.